रंगांचे रसायन आणि संशोधकाचा ठसा : प्रा. के. वेंकटरामन यांच्या संशोधनकार्याची चिकित्सा

सारांश

प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–१९८१) हे रंजकांच्या रसायनशास्त्रातील जागतिक कीर्तीचे भारतीय संशोधक होत. लाहोरचे एक महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या तीन ठिकाणी त्यांची कारकीर्द घडली. प्रस्तुत लेखात त्यांच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया, रंजकांवरील त्यांचा ग्रंथ, नैसर्गिक रंगद्रव्यांवरील त्यांचे संशोधन आणि त्यांची शिष्यपरंपरा यांचा परामर्श घेतला आहे. संशोधकाचा प्रभाव केवळ उद्धरणसंख्येने मोजता येतो काय, त्या प्रभावात विद्यार्थ्याचा वाटा कोठे नोंदवला जातो आणि पैठणसारख्या रंगपरंपरा असलेल्या गावातील महाविद्यालयीन अध्यापकाला या कारकीर्दीतून काय घेता येईल, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने ही चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : वेंकटरामन, रंजके, फ्लॅवोन, बेकर–वेंकटरामन पुनर्विन्यास, लाख, पैठणी, संशोधन-मूल्यमापन.

१. प्रस्तावना

पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी, संत एकनाथांची कर्मभूमी आणि पैठणीचे गाव अशी त्याची ओळख महाराष्ट्राला आहे. पैठणीची चर्चा बहुधा जर, काठ, पदर आणि नक्षी यांच्या अंगाने होते. रेशमाला चढणारा रंग हाही त्या वस्त्राचा प्राण आहे. परंतु मोरपंखी, अंजिरी, राणी, चिंतामणी ही रंगांची नावे ज्या सहजतेने आपल्या तोंडी येतात, त्या सहजतेने त्या रंगांचे रसायन आपल्या वर्गात येत नाही. लाख, नीळ, मंजिष्ठा, हळद, डाळिंबाची साल ही भारतीय रंगकामातील जुनी द्रव्ये होत. आज पैठणीच्या रेशमाला बहुतांशी संश्लेषित रंजकेच वापरली जातात. हा बदल कसा झाला, हे समजून घ्यायचे तर रंजकांच्या रसायनशास्त्राकडे वळावे लागते, आणि त्या शास्त्रात भारतीय नाव शोधू लागताच प्रा. वेंकटरामन यांच्यापाशी येऊन थांबावे लागते.

पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव एका अभिक्रियेमुळे ठाऊक असते. त्या नावामागील माणूस आपल्याच राज्यात, मुंबईत आणि पुण्यात, तीन दशकांहून अधिक काळ काम करीत होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांच्याविषयी जे लेखन आढळते ते मुख्यतः गौरवपर आहे. गौरव यथार्थ असला तरी केवळ गौरवाने अभ्यासकाचे भागत नाही. म्हणून येथे त्यांच्या कार्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही पाहण्याचा प्रयत्न आहे.

२. कारकीर्दीचा आलेख

वेंकटरामन यांचा जन्म १९०१ मध्ये मद्रास येथे झाला. मद्रासमधील शिक्षणानंतर ते मँचेस्टर येथे गेले आणि तेथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. वनस्पतिजन्य द्रव्यांवरील कामासाठी रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फुलांना व पानांना रंग देणाऱ्या द्रव्यांची रचना ठरविणे आणि ती प्रयोगशाळेत तयार करणे हा या गुरूचा एक आवडीचा विषय होता. फ्लॅवोन तयार करण्याची एक रीत रॉबिन्सन यांच्याही नावाने प्रसिद्ध आहे. शिष्याने हाच धागा उचलला.

भारतात परतल्यानंतर १९२९ ते १९३४ या काळात ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमध्ये अध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला होता. १९३४ मध्ये ते तेथे रुजू झाले आणि १९३८ मध्ये या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९५० मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे आधीचे दोन्ही संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. वेंकटरामन हे तेथीलही पहिले भारतीय संचालक. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले. संशोधन आणि ग्रंथसंपादन मात्र त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या आलेखात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ज्या कामामुळे त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले, ते काम मुंबईच्या विभागातले नाही आणि पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतलेही नाही. ते लाहोरच्या एका महाविद्यालयात असतानाचे आहे.

३. अभिक्रिया : एक नाव आणि एक गाळलेले नाव

बेकर–वेंकटरामन पुनर्विन्यासाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. ऑर्थो-हायड्रॉक्सी अ‍ॅसिटोफेनोनचा बेंझॉइल क्लोराइडशी संयोग घडवून एस्टर तयार करतात. त्या एस्टरवर आम्लारीची क्रिया केली असता ऑक्सिजनला जोडलेला अ‍ॅसिल गट तेथून सुटून शेजारच्या शाखेतील कार्बनला जाऊन जोडला जातो आणि बीटा-डायकीटोन मिळते. हे डायकीटोन आम्लात तापविल्यास पाण्याचा रेणू बाहेर पडतो, वलय मिटते आणि फ्लॅवोन हाती येते. तीन सोप्या पायऱ्या, साधी रसायने आणि बऱ्यापैकी उत्पादन यांमुळे ही रीत लवकर रुळली. १९५२ मध्ये 'ऑर्गॅनिक सिंथेसिस' या पडताळून पाहिलेल्या कृतींच्या ग्रंथमालेत फ्लॅवोनची जी कृती आली, ती याच मार्गाची आहे.

विल्सन बेकर यांचा शोधलेख १९३३ चा. वेंकटरामन यांच्या बाजूचा मुख्य शोधलेख १९३४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अ‍ॅसिलॉक्सी-अ‍ॅसिटोनॅफ्थोनांवर सोडामाइडची क्रिया असा त्याचा विषय होता. बेकर हेही मँचेस्टरच्याच परंपरेतून आलेले. एका परंपरेत वाढलेल्या दोन अभ्यासकांनी एकमेकांपासून हजारो मैलांवर एकच प्रश्न हाताळला आणि दोघेही त्याच उत्तराशी आले. म्हणून दोघांची नावे अभिक्रियेला मिळाली, हे न्याय्यच झाले.

परंतु १९३४ च्या त्या लेखावर दोन नावे आहेत : एच. एस. महाल आणि के. वेंकटरामन. महाल यांचे नाव पहिले आहे. अभिक्रियेच्या नावात मात्र ते नाही. याचा दोष वेंकटरामन यांच्याकडे जात नाही. लेखात त्यांनी सहकाऱ्याला अग्रस्थान दिलेच होते. अभिक्रियेला नाव देते ते शास्त्रज्ञांचे जग, आणि हे जग मार्गदर्शकाचे नाव लक्षात ठेवते. प्रयोगशाळेत द्रव्य वितळवणारा, स्फटिक गाळणारा, द्रवणांक पुनःपुन्हा तपासणारा हात त्या नावातून वगळला जातो.

हा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. आपल्या महाविद्यालयांतून आज जे शोधनिबंध प्रसिद्ध होतात, त्यांतील नावांचा क्रम कोण ठरवतो? विद्यार्थ्याचे नाव कधी शेवटी जाते, तर कधी ज्याचा कामाशी संबंध नाही असे नाव मध्ये येते. हे अनुभव आपल्यापैकी अनेकांना अपरिचित नसावेत. महाल यांचे नाव निदान मूळ लेखावर अग्रस्थानी आहे. म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही ते शोधता येते. नावांच्या क्रमाची नोंद प्रामाणिक असेल तर पुढच्या अभ्यासकाला न्याय करता येतो, हा यातील धडा आहे.

४. उद्धरणांचा हिशेब आणि त्याच्या बाहेरचा प्रभाव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांपासून अध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याची पद्धत आपल्याकडे आली. त्याआधी, २००५ मध्ये, हिर्श यांनी एच-निर्देशांक मांडला होता. या मोजमापांवर टीका करणे सोपे आहे. पण मोजमापच नको असे म्हणणेही धोक्याचे आहे, कारण निकष नसला की ओळखीपाळखीला मोकळे रान मिळते. प्रश्न मोजावे की न मोजावे हा नसून, मोजल्याने काय सुटते हा आहे.

वेंकटरामन यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. एखादी अभिक्रिया जेव्हा संशोधकाच्या नावानेच ओळखली जाऊ लागते, तेव्हा मूळ लेखाचा संदर्भ देण्याची गरज कोणाला वाटत नाही. 'बेकर–वेंकटरामन पद्धतीने फ्लॅवोन तयार केले' एवढे वाक्य पुरते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रक्रिया नेमकी ओळखली होती : एखादे ज्ञान सर्वांच्या इतके अंगवळणी पडते की त्याचा उगम सांगणेच थांबते. म्हणजे प्रभाव सर्वाधिक असतो तेव्हाच उद्धरण कमी होऊ लागते. मराठवाड्यातील अनेक रसायनशास्त्र विभागांत चाल्कोन, फ्लॅवोन आणि क्रोमोन यांच्या संश्लेषणावर काम झाले आहे. त्या प्रबंधांत वेंकटरामन हे नाव अभिक्रियेचे विशेषण म्हणून येते. १९३४ चा लेख उघडून वाचलेला अभ्यासक क्वचित भेटतो.

याचा दुसरा अर्थही घ्यायला हवा. मूळ लेख न वाचता त्याचे नाव वापरणे ही आपल्या संशोधनातील उणीवही आहे. त्या लेखात प्रश्न कसा उभा राहिला, कोणता अडथळा आला, अपेक्षेपेक्षा वेगळे द्रव्य मिळाल्यावर त्याची ओळख कशी पटविली, हे वाचले तर विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय ते कळते. केवळ कृती उचलली तर नव्या प्रतियोजी गटांची आणखी एक मालिका तयार होते, तिचे जंतुनाशक परीक्षण होते आणि लेख छापला जातो. वेंकटरामन यांचा खरा वारसा अशा मालिकांमध्ये नाही.

५. ग्रंथ : एका माणसाचा आणि अनेकांचा

'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अकॅडमिक प्रेसने प्रकाशित केले. हे दोन खंड वेंकटरामन यांनी एकट्याने लिहिले. १९७० ते १९७८ या काळात आणखी सहा खंड निघाले. त्यांत निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी प्रकरणे लिहिली आणि वेंकटरामन यांनी संपादन केले. रंजकांच्या विश्लेषणावरील स्वतंत्र संपादित ग्रंथ १९७७ चा आहे. पहिल्या खंडांचे रशियन भाषांतरही झाले.

या ग्रंथाचे मोल समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रंजकांच्या उद्योगावर जर्मनीचे वर्चस्व होते आणि त्यातील बरेचसे ज्ञान कारखान्यांच्या बंद कपाटांत होते. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांची पाहणी करून अहवालांचे ढीग तयार केले. हे अहवाल विस्कळीत होते. एकस्वांची भाषा तर मुद्दाम संदिग्ध ठेवलेली असते. या दोन्हींतून वाट काढून, रचना, तयार करण्याच्या रीती आणि कापडावरील वर्तन यांची सुसंगत मांडणी करणे हे काम वेंकटरामन यांनी मुंबईत बसून केले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील एका विद्यापीठ विभागाने, ज्या देशांकडून आपण रंग विकत घेत होतो त्या देशांच्या तज्ज्ञांनाही हाताशी ठेवावा लागेल असा ग्रंथ दिला. १९४७ मध्ये अतुल येथे रंजकांच्या भारतीय उद्योगाची पायाभरणी झाली होती. अशा उद्योगांना लागणारी माणसे मुंबईच्या विभागातून तयार होत होती आणि लागणारे ज्ञान या ग्रंथात संकलित होत होते. संशोधनलेख मोजणाऱ्याला संदर्भग्रंथ हे दुय्यम काम वाटते. वेंकटरामन यांच्या बाबतीत मात्र ग्रंथाचा प्रभाव अभिक्रियेपेक्षा कमी म्हणता येणार नाही.

आता मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा दृष्टीची आहे. त्या काळातील एकूण रंगरसायनाप्रमाणेच या ग्रंथाचाही भर रंजक कसे बनते, कसे चढते आणि किती टिकते यांवर आहे. रंगवून झाल्यावर उरलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न तेव्हा या शास्त्राच्या केंद्रस्थानी नव्हता. पुढे काही अझो रंजकांपासून कर्करोगकारक अमाइने सुटतात हे लक्षात घेऊन १९९० च्या दशकात जर्मनीने आणि भारतानेही त्यांवर निर्बंध आणले. १९५२ च्या ग्रंथाला नंतरच्या ज्ञानाने दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु आजच्या अध्यापकाने हा ग्रंथ वर्गात नेताना ती उणीव भरून काढली पाहिजे. जायकवाडीच्या नाथसागरालगत, जेथील पाणी शेतीला, उद्योगांना आणि शहराला जाते, तेथे रंगरसायन शिकविणाऱ्याला सांडपाण्याचा विषय टाळता येणार नाही.

दुसरी मर्यादा भाषेची. मुंबई आणि पुणे येथे झालेल्या या विद्वत्तेचा संक्षेपही मराठीत सहज उपलब्ध नाही. हे वेंकटरामन यांचे अपयश नव्हे. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती आणि त्यांचा वाचक जगभरचा होता. ही जबाबदारी आपली होती. रशियन वाचकांसाठी पाच-सहा वर्षांत भाषांतर झाले; महाराष्ट्रातील रंगाऱ्यांच्या आणि विणकरांच्या भाषेत त्याचा सार आणण्याचे काम मात्र राहून गेले.

६. फणस, लाख आणि परतीचा प्रवास

संश्लेषित रंजकांच्या या महापंडिताच्या संशोधनाचा मोठा भाग नैसर्गिक रंगद्रव्यांवर आहे, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. फणसाच्या गाभ्याच्या लाकडातील पिवळी द्रव्ये हा त्यांचा दीर्घकाळचा विषय होता. आर्टोकार्पिन या द्रव्यावरील त्यांचे व सहकाऱ्यांचे काम १९५० च्या दशकातले आहे. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगविण्यासाठी फणसाचे लाकूड वापरण्याची प्रथा जुनी आहे. या लाकडातील द्रव्ये रासायनिक दृष्ट्या फ्लॅवोनचेच भाऊबंद आहेत. लाहोरला ज्या वलयाचे संश्लेषण साधले, तेच वलय येथे झाडाच्या पोटात सापडते. पुढे त्यांनी फणस व तुती यांच्या कुळातील वृक्षांचे नाते त्यांच्या लाकडातील फिनॉलिक द्रव्यांवरून तपासता येईल काय, याचाही विचार मांडला (१९७२).

लाखेचे काम आपल्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. लाखेच्या किड्यापासून मिळणारा तांबडा रंग भारतीय रेशमाला शतकानुशतके दिला गेला. त्या रंगात एक द्रव्य नसून अनेक लॅकाइक आम्ले मिसळलेली असतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव व अन्य सहकाऱ्यांसह वेंकटरामन यांनी या आम्लांच्या रचना ठरविण्याचे काम केले. भूमध्य प्रदेशातील केर्मेस किड्याच्या रंगातील केर्मेसिक आम्लावरील त्यांचा शोधलेख १९६८ चा आहे. इंग्लंडमधील एक गटही त्याच सुमारास लाखेच्या रंगावर काम करीत होता. म्हणजे १९३३–३४ प्रमाणेच याही वेळी दोन ठिकाणी एकाच प्रश्नाचा शोध चालू होता.

विसंगती वाटते ती आपल्या विभागणीमुळे. नैसर्गिक म्हणजे परंपरा आणि संश्लेषित म्हणजे आधुनिकता, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. वेंकटरामन यांच्यासाठी दोन्ही रेणूच होते. १८६९ मध्ये मंजिष्ठवर्गातील अलिझरीन आणि १८९७ मध्ये नीळ कारखान्यांतून बाजारात येण्याच्या वाटेला लागले, ते नैसर्गिक द्रव्याची रचना आधी कळली म्हणून. रंजकांच्या शास्त्राचा एक महत्त्वाचा भाग नैसर्गिक रंगाच्या रचनेपासून सुरू झाला आहे. त्यामुळे लाखेचा अभ्यास हा या संशोधकाचा विरंगुळा नसून त्याच्या शास्त्राच्या मुळाशी परत जाणे होते, असे म्हणावे लागते.

तरीही येथे एक अपुरेपण जाणवते. रचना ठरविण्यात हे संशोधन पूर्ण झाले. पण लाखेचा रंग रेशमावर कोणत्या प्रमाणात, कोणत्या रंगबंधकाने, किती उजेडात किती काळ टिकतो, हे ज्ञान रंगाऱ्याच्या हाती देण्याचे काम या शोधलेखांच्या कक्षेत नव्हते. रेणूची आकृती कागदावर आली आणि कढईपर्यंतचे अंतर शिल्लक राहिले.

७. शिष्यपरंपरा

संशोधकाचा प्रभाव माणसांतून वाहतो, याची साक्ष या परंपरेत मिळते. नित्या आनंद यांनी मुंबईच्या विभागात त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि पुढे ते लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या नावाशी निगडित असलेल्या सेंटक्रोमन या गर्भनिरोधकाच्या नावातच क्रोमन हे वलय आहे, जे फ्लॅवोनच्या वलयाचे नातलग आहे. ए. व्ही. रामाराव यांनी १९६४ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, ते हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि औषधनिर्मितीच्या देशी पद्धती विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने बाळ दत्तात्रेय टिळक यांचे नाव विशेष महत्त्वाचे. वेंकटरामन यांचे हे विद्यार्थी १९६६ मध्ये गुरूंच्या जागी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यात ग्रामीण विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचा वापर करणारे केंद्र उभे केले. गुरूच्या कामात प्रयोगशाळा आणि कढई यांत राहिलेले अंतर कमी करण्याचा प्रयत्न शिष्याने वेगळ्या मार्गाने केला, असा याचा अर्थ लावता येतो. एकाच मार्गदर्शकाच्या हाताखालून औषध-संशोधक, उद्योगाला तंत्रज्ञान देणारा रसायनज्ञ आणि ग्रामविज्ञानाकडे वळणारा संचालक बाहेर पडतो, याचा अर्थ तो मार्गदर्शक आपल्या विषयाच्या प्रती काढीत नव्हता. घराबाबतही असेच म्हणता येईल : त्यांची कन्या धर्मा कुमार या नामवंत आर्थिक इतिहासकार झाल्या.

८. निष्कर्ष

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. लाहोरचे ते महाविद्यालय साधनसंपन्न होते, वेंकटरामन मँचेस्टरला शिकून आले होते आणि लंडनच्या नियतकालिकाचे दार त्यांना परिचित होते. तेव्हा त्यांचे उदाहरण तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला कसे लागू पडावे? आक्षेपात तथ्य आहे. परिस्थिती सारखी नाही. म्हणून त्यांच्या यशाचे अनुकरण करण्यापेक्षा त्यांची प्रश्न निवडण्याची रीत पाहणे अधिक उपयोगाचे. लाहोरला असताना त्यांनी महाग साधनांची वाट पाहिली नाही. हाती असलेल्या द्रव्यांनी सुटेल असा, पण महत्त्वाचा प्रश्न निवडला. मुंबईत गिरण्यांच्या शहरात ते रंजकांकडे वळले. पुण्यात फणस आणि लाख या भारतीय द्रव्यांना हात घातला. प्रत्येक ठिकाणी प्रश्नाचे त्या जागेशी नाते होते.

पैठणमध्ये असा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. लाखेचा व मंजिष्ठेचा रंग तुरटीसह रेशमावर किती चढतो, धुण्याने व उन्हाने किती उतरतो, जुन्या वस्त्रातील रंग नैसर्गिक की संश्लेषित, रंगकामानंतरच्या पाण्यात काय उरते, या प्रश्नांची प्राथमिक उत्तरे पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील वर्णपटमापक आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची काच यांवर मिळू शकतात. त्यांची नोंद मराठीत केली तर ती रंगाऱ्याच्याही उपयोगी पडेल. त्यासाठी किती गुण मिळतील हे सांगता येत नाही.

सारांश, वेंकटरामन यांचा ठसा चार ठिकाणी दिसतो : एका अभिक्रियेत, एका ग्रंथात, काही नैसर्गिक रंगांच्या रचनांत आणि विविध दिशांना गेलेल्या शिष्यांत. यांपैकी पहिल्याचा हिशेब उद्धरणांत अंशतः लागतो, उरलेल्यांचा फारच थोडा. त्यांच्या कार्यातील उणिवा, म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न, भाषेचे अंतर आणि कढईपर्यंत न पोचलेले ज्ञान, पुढच्या पिढीसाठी कामाची यादी ठरतात. ते काम कोणी हाती घेतले आणि त्यातून एखादा शोधलेख सिद्ध झाला, तर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव त्यावर पहिले असावे, आणि ते लेखाबाहेरही उच्चारले जावे. १९३४ च्या लेखावर एच. एस. महाल यांना पहिले स्थान मिळाले होते. अभिक्रियेला नाव देताना जगाने ते सोडून दिले. आपल्या वर्गात बेकर–वेंकटरामन पुनर्विन्यास शिकविताना ते नाव फळ्यावर लिहिणे तरी आपल्या हातात आहे.